बुवांच्या चार डिस्क

बोरिवली (पूर्व)
१२ मार्च २०२५

देवदत्तराव,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे ठणठणीत आहेत. ईमेल एवढ्यासाठीच की फोनवर बोललो तर रत्नप्रभा स्वयंपाकघरातून ऐकते, तिकडे राधा तुमच्या खांद्यावरून ऐकते, आणि मग दोघी बहिणी आपल्याच बोलण्यावर तासभर चर्चा करतात. व्हॉट्सअ‍ॅपचं तर नावच नको. माझे मेसेज ही माझ्याआधी वाचते.

काम माझं नाही. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ आहेत, लिनक्सचे शौकीन. त्यांनी घरी चार डिस्कचं मशीन बनवलंय. त्या डिस्क एका जुन्या, सर्व्हरमधून काढलेल्या रेड कार्डाला जोडल्या आहेत. कार्ड त्या चौघींची मिळून एकच मोठी डिस्क करून दाखवतं, एखादी बिघडली तरी माल शाबूत राहतो. तुम्हाला हे काय सांगायचं? तुमच्याकडे तसलंच कार्ड आहे. गणपतीत आम्ही मुलुंडला आलो होतो तेव्हा मखराच्या आधी तुम्ही ते दाखवलं होतंत.

तर या गृहस्थांनी गेल्या आठवड्यात लिनक्सची नवी आवृत्ती टाकली. कुटुंबाच्या ग्रुपवर कुणी ‘नवी आवृत्ती, चहा निवायच्या आत काम फत्ते’ असा फोटो टाकला की बघणाऱ्याचे हात शिवशिवतात, त्यातलाच प्रकार. आता मशीन अर्ध्यात थांबतं, ‘इमर्जन्सी मोड’ म्हणून काळा पडदा दाखवतं, आणि चारपैकी एकही डिस्क दिसत नाही. कार्डावरचे दिवे मात्र दिवाळीसारखे लागलेले.

तुम्ही तंत्रनिकेतनात जन्मभर मुलांना असलं शिकवलंत. मी बँकेच्या संगणक विभागात केस पांढरे केले, मला काही कळत नाही असं नाही. पण गृहस्थ म्हणाले, दुसरं मत घ्या. म्हणून विचारलं.

जयवंत

---

मुलुंड (पूर्व)
१३ मार्च २०२५

जयवंतराव,

पत्र वाचून बरं वाटलं. आपण साडू झालो त्याला इतकी वर्षं झाली, पण तुम्ही मला एखादी गोष्ट विचारलीत असं हे पहिल्यांदाच घडतंय. तारीख लिहून ठेवावी म्हणतो.

त्या गृहस्थांना सांगा, त्या काळ्या पडद्यावर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्यायची, जागा सोडून ‘वजा के’. मशीनमध्ये कोणकोणती कार्डं बसली आहेत आणि त्या प्रत्येकाशी बोलायला कोणता ड्रायव्हर हजर आहे, ते तिथे उमटतं. जे उमटेल ते जसंच्या तसं पाठवा, आठवणीने टाइप करू नका. आणि एक गोष्ट बजावून सांगा: तोवर डिस्कना हात लावायचा नाही. बाहेर काढायच्या नाहीत, जागा बदलायची नाही.

आता आपलं घरचं. निलेशने आईसाठी पार्ल्याचा हॉल ठरवला. ११ मे, रविवार. सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आहे, दिव्यांनी ओवाळायचं, सगळं गणगोत येणार. परवा सांताक्रूझला गेलो होतो तर माझा हात धरून एकच गोष्ट विचारत होत्या: “ह्यांचा भजन लावतलास मा?” सासरेबुवांना जाऊन आता सात वर्षं होतील. गिरणीतून साचा बंद करून आलेला माणूस डबलबारीच्या भजनी सामन्याला उभा राहिला की समोरचा बुवा घाम पुसायचा, हे आपण दोघांनी बघितलंय. ते सगळं त्या कॅसेटींत आहे, आणि कॅसेटी तुमच्याकडे.

म्हणून आठवण करतो. दिवाळीत मी एक प्रत मागितली होती. तुम्ही म्हणालात, आवाज साफ व्हायचाय. झाला का?

देवदत्त

---

बोरिवली
१५ मार्च २०२५

देवदत्तराव,

गृहस्थांनी पाठवलेला मजकूर खाली चिकटवला आहे. जसाच्या तसा.

भजनांची काळजी तुम्ही करू नका. आवाज साफ करायचं काम नाजूक असतं, घाई करून चालत नाही. आता हेच बघा. एका कॅसेटमध्ये गजर ऐन रंगात आलाय आणि बुवा मध्येच थांबून सासूबाईंना सांगतात, “जानके, वायच पाणी हाड गो.” मग भांड्याचा आवाज, घोट घेतल्याचा आवाज, आणि पुन्हा गजर. भर कार्यक्रमात हॉलमध्ये हे ऐकवायचं का? ते काढायचंय.

राहिला प्रतीचा प्रश्न. प्रत कशाला हवी? ऐकावंसं वाटलं तर बोरिवलीला या. बुवा तरी कुठे घरोघर जाऊन गात होते? लोक त्यांच्याकडे यायचे.

जयवंत

---

मुलुंड
१६ मार्च २०२५

जयवंतराव,

मजकूर वाचला. निदान सोपं आहे. कार्ड मशीनला दिसतंय, त्याचं नाव छापून आलंय. पण त्याच्या खाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ती ओळ यायला हवी, ती आलेली नाही. लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांत ड्रायव्हर असतो, पण तो कोणकोणती कार्डं सांभाळणार त्या यादीतून फार जुनी कार्डं गाळली जातात. तसं आपल्या कार्डाचं झालंय. म्हणजे डिस्क धडधाकट आहेत, माल जागेवर आहे, फक्त मधला बोलणारा माणूस निघून गेलाय.

आता दुसरं. लिनक्समध्ये तुम्ही आज्ञा देता तेव्हा ओळीच्या सुरुवातीला मालकाने मशीनला दिलेलं नाव छापलेलं असतं. तुम्ही चिकटवलेल्या मजकुरात तिथे ‘जयवंत’ आहे. तुमच्या सोसायटीतल्या गृहस्थांचंही नाव जयवंत असेल तर हरकत नाही. पण आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवरचा फोटो त्यांना दिसतो, म्हणजे ते नात्यातलेच असावेत.

जयवंतराव, बुवांची भजनं त्याच डिस्कवर आहेत का? खरं सांगा. आणि कॅसेटी अजून आहेत ना?

रविवारी मी येतो. सकाळी निघालो तर दुपारपर्यंत काम होईल.

देवदत्त

---

बोरिवली
१८ मार्च २०२५

देवदत्तराव,

हो. माझंच मशीन. भजनं त्यातच आहेत. झालं समाधान?

येऊ नका.

तुम्ही आलात की काय होणार ते मला आत्ताच डोळ्यांसमोर दिसतंय. तुम्ही एकटे येणार नाही, राधा बरोबर असेल. तुम्ही माझ्या खुर्चीवर बसाल, मी तुमच्यामागे टॉर्च धरून उभा. रत्नप्रभा चहा आणेल आणि पहिला कप तुमच्या हातात देईल. मग दोन आज्ञा द्याल, डिस्क दिसतील, आणि तुम्ही म्हणाल, “काही नाही हो, किरकोळ होतं.” तुमचं ते ‘किरकोळ होतं’ मला सगळ्यात जास्त लागतं. संध्याकाळपर्यंत सांताक्रूझला बातमी. अकरा तारखेला निलेश माइक हातात घेऊन सांगणार की देवदत्तभावजी नसते तर आज बाबांचा आवाज ऐकायला मिळाला नसता. आणि सासूबाई तुमच्या गालावरून हात फिरवणार.

मला तुमचा हेवा वाटतो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. इतकी वर्षं वाटतोय. फणस फोडला की चांगले गरे डब्यात भरून मुलुंडला, आम्हाला कडेचे. कुठल्याही समारंभात ‘देवदत्तांना विचारा’. घरात पंखा बसवायचा असला तरी रत्नप्रभा म्हणते, देवदत्तांना विचारू या का? मी तुमच्याआधी या घरचा जावई झालो आहे.

एकच गोष्ट माझ्या वाट्याला आली. शेवटच्या आजारपणात बुवांनी कॅसेटींची पिशवी माझ्या हातात दिली. तुम्हीही तिथेच पलंगापाशी होतात. दिली मला. त्यावर तुमचे हात लागलेले मला चालणार नाहीत. प्रत मी तुम्हाला एवढ्याचसाठी दिली नाही.

माझं मशीन आहे, मीच चालू करीन.

जयवंत

---

मुलुंड
३१ मार्च २०२५

जयवंतराव,

तुमचं शेवटचं पत्र वाचून मला राग आला होता, म्हणून उत्तर दिलं नाही. आता राग बाजूला ठेवलाय.

काल पाडव्याला तुम्ही आला नाहीत. रत्नप्रभाताई म्हणाल्या, डोकं दुखतंय. मग राधाला स्वयंपाकघरात म्हणाल्या की हे धड जेवत नाहीत, धड बोलत नाहीत, दिवसभर खोलीत पेचकस घेऊन बसतात.

डिस्क बाहेर काढल्या नाहीत ना?

ताईंबरोबर मी श्रीखंडाचा डबा दिलाय. त्या पिशवीत डब्याच्या खाली रुमालात एक पेनड्राइव्ह आहे. त्यावर लिनक्सची जुनी आवृत्ती आहे, आपलं कार्ड सांभाळणारी. मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. तुमच्या मशीनमधल्या नव्या आवृत्तीला धक्का लागणार नाही, जुनी नुसती पेनड्राइव्हवरून चालेल आणि डिस्क दाखवील. मग सगळा माल बाहेरच्या एखाद्या डिस्कवर उतरवून घ्या. आधी उतरवा, मग बाकीचं.

मी येत नाही. तुमच्या खुर्चीवर तुम्हीच बसा. पण उत्तर द्या.

देवदत्त

---

बोरिवली
१ एप्रिल २०२५, सकाळ

देवदत्तराव,

काढल्या.

मला वाटलं, कार्डच नको. डिस्क सरळ मदरबोर्डला जोडू, मधला दलाल गेला की प्रश्न मिटला. तुमच्या मदतीशिवाय होतंय या आनंदात मी चारही खोलल्या आणि जोडल्या. दिसल्या. पण चार वेगवेगळ्या, आणि एकीतही वाचण्यासारखं काही नाही. मग परत कार्डाला लावल्या. कोणती कुठे होती ते लिहून ठेवलं नव्हतं. मधल्या वेळात एकदोनदा मशीन डिस्कशिवाय चालू करून बघितलं, तेही सांगतो.

पेनड्राइव्ह मिळाला. श्रीखंड चांगलं होतं. पण पेनड्राइव्हपर्यंत जायच्या आधीच कार्ड स्वतःचा पडदा दाखवतं. म्हणतं, ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ सापडलं. माझ्याच चार डिस्क, माझ्याच कार्डाला जोडलेल्या, आणि त्या परक्या! खाली दोन पर्याय देतं: ‘इम्पोर्ट’ आणि ‘क्लिअर’. मला सरळ वाटतं की क्लिअर करावं. परकेपणा पुसून टाकला की कार्ड त्यांना आपलं म्हणेल. बाहेरून काहीतरी आयात करायचं म्हणजे भलतंच काही आत यायचं. सकाळपासून क्लिअरवर जाऊन परत येतोय.

आता खरं सांगतो, कारण तुम्ही विचारलं होतंत. कॅसेटी नाहीत. गेल्या पावसाळ्यात सगळ्यांना बुरशी धरली. फिती एकमेकींना चिकटल्या होत्या. डिस्कवर उतरवून झालंय म्हणून मी त्या टाकून दिल्या. रत्नप्रभाला वाटतं माळ्यावर आहेत. म्हणजे बुवांचा आवाज या जगात फक्त या चार डिस्कवर आहे, आणि त्या मला परक्या म्हणतायत.

देवदत्तराव, सासूबाई परवा फोनवर म्हणाल्या, “मरण्याआधी एकदा ऐकूक मिळांदे.” सांगा काय दाबू.

जयवंत

---

मुलुंड
१ एप्रिल २०२५, दुपारच्या आत

बोट उचला! क्लिअर नाही. क्लिअर अजिबात नाही. इम्पोर्ट.

चार डिस्क मिळून एक कशी करायची, त्याची नोंद डिस्कवरच असते. तुम्ही मशीन डिस्कशिवाय चालू केलंत तेव्हा कार्डाने आपल्याकडची नोंद सोडून दिली. आता डिस्क परत आल्या, त्यांच्या अंगावर नोंद आहे पण कार्डाकडे नाही, म्हणून ते परक्या म्हणतंय. इम्पोर्ट म्हणजे ती नोंद वाचून घे. क्लिअर म्हणजे ती नोंदच पुसून टाक. परकेपणा नाही पुसला जाणार, घडीच पुसली जाईल. कोणती डिस्क कोणत्या जागी होती त्याची चिंता नको, कार्ड नोंदीवरून लावून घेतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. तुमचं ‘येऊ नका’ वाचलं तेव्हाच वाटलं होतं की तुम्ही डिस्क काढणार. तुम्हाला मी ओळखतो. मग मी माळ्यावरून माझं कार्ड खाली काढलं, चार जुन्या डिस्क लावल्या, त्यावर राधाचे पाककृतींचे व्हिडिओ भरले, आणि तुम्ही जे जे कराल असं वाटलं ते सगळं करून बघितलं. पहिल्या खेपेला मीही क्लिअरच दाबलं. राधाच्या पाककृती गेल्या. दुसऱ्या खेपेला इम्पोर्ट केलं, तेव्हा सगळं जागेवर.

तिला सांगू नका. कोंबडीवड्यांचा व्हिडिओ शोधतेय.

इम्पोर्ट करा, मग पेनड्राइव्ह, मग ताबडतोब माल उतरवा. लगेच कळवा.

देवदत्त

---

बोरिवली
३ एप्रिल २०२५

देवदत्तराव,

झालं.

इम्पोर्ट दाबताना देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला बोलू? कार्ड जरा विचार करत बसलं, मग म्हणालं, ठीक. पेनड्राइव्हवरून मशीन उठलं. तुमची ती आज्ञा दिली, आणि कार्डाच्या खाली ड्रायव्हरची ओळ छापून आली. चार डिस्क मिळून एक मोठी डिस्क, नावासकट. फोल्डर उघडलं. पहिलीच फाइल लावली तर बुवा टाळ्यांच्या गजरात समोरच्याला चिमटा काढत होते. मी खोलीचं दार लावून घेतलं. रत्नप्रभा बाहेरून म्हणाली, “बाबांचा आवाज ना?” मी म्हटलं, साफ करतोय. ती दाराबाहेरच जमिनीवर बसून ऐकत राहिली. दार मला उघडवेना, कारण माझं तोंड बघण्यासारखं राहिलं नव्हतं.

सगळा माल उतरवला. एका ठिकाणी नाही, दोन ठिकाणी.

आता मला एका गोष्टीचं उत्तर द्या. तुम्ही लिहिता, ‘माळ्यावरून माझं कार्ड खाली काढलं’. तुमचं कार्ड माळ्यावर काय करत होतं? गणपतीत ते मशीनमध्ये होतं. मी ते बघितलं म्हणून लॅमिंग्टन रोडची दुकानं पालथी घालून अगदी तेच शोधून आणलं. तुमच्याकडे जे आहे ते माझ्याकडे नसावं, हे मला झेपलं नाही म्हणून आणलं. आणि तुमचं माळ्यावर?

जयवंत

---

मुलुंड
४ एप्रिल २०२५

जयवंतराव,

सापडलो. सांगतो.

ते कार्ड फार तापायचं. दसऱ्याच्या सुमाराला मी काढून टाकलं आणि डिस्क सरळ मदरबोर्डला जोडून सगळा माल नव्याने भरला. म्हणूनच मी नवी आवृत्ती टाकली तेव्हा चहा निवायच्या आत काम झालं. कार्डच नव्हतं तर अडणार काय?

तुम्हाला का नाही सांगितलं? कारण तोवर तुम्ही तसलंच कार्ड आणून बसवलं होतंत. तुम्ही, बँकेच्या संगणक विभागातला माणूस, माझं बघून काहीतरी करता, याचा मला इतका आनंद होता की ते कार्ड वाईट आहे हे सांगवेना. आता सांगतो, कारण तुमच्या जागी माझ्यावर पाळी आली असती तर मी कधीच विचारायला आलो नसतो. मी बुवांचा आवाज घालवला असता, पण पत्र लिहिलं नसतं.

आणि हेवा एकट्या तुम्हालाच वाटतो असं समजू नका. फणसाचे गरे मला मिळतात, हे खरं. पण बुवांनी कॅसेटींची पिशवी पुढे केली तेव्हा मी तुमच्यापेक्षा जवळ उभा होतो. माझा हात पुढे गेलाही होता. त्यांनी तो चुकवून पिशवी तुमच्याकडे दिली. तो हात मला अजून आठवतो. दिवाळीला प्रत मागितली ती त्यासाठी.

एक विनंती आहे. ती पाण्याची जागा काढू नका. आवाज साफ झाला नाही तरी चालेल.

देवदत्त

---

बोरिवली
१३ मे २०२५

देवदत्तराव,

रविवारी आपल्याला बोलायला मिळालं नाही आणि मला समोरासमोर बोलायचंही नव्हतं, म्हणून लिहितो.

महिनाभर मी एकच चित्र मनात धरून बसलो होतो. हॉल भरलेला, सासूबाई पाटावर, समोर दिव्यांची ताटं. मी उभा राहतो, लॅपटॉपपाशी जातो, बुवांचा आवाज हॉलभर होतो, आणि सासूबाई विचारतात, कोणी आणला रे? तिथवर मी चित्र काढायचो आणि झोपी जायचो.

झालं काय? ओवाळणी सुरू झाली, मी ताटामागे अडकलो, तुम्हाला राधाने फोटो काढायला धरलं, आणि निलेश लॅपटॉपच्या शेजारी उभा होता. मी लांबूनच खूण केली. त्याने बटण दाबलं. एवढंच. एक बटण! बुवा गायला लागले. सासूबाईंनी निलेशला ओढून जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “माझ्या झिलान ह्यांका परत हाडल्यान गो!” पोरगा लाजला, पण एका शब्दाने ‘मी नाही’ म्हणाला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तुमच्याकडे बघितलं. तुमचं तोंड माझ्यासारखंच झालं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला तुमचा राग आला नाही, कारण सगळा राग निलेशवर खर्ची पडला होता.

मग ती जागा आली. “जानके, वायच पाणी हाड गो.” मी ती काढली नव्हती, तुम्ही सांगितलं म्हणून. सासूबाई दोन्ही हात टेकून पाटावरून उठायलाच लागल्या. ऐंशी उलटलेली बाई, गुडघे दुखतायत, रत्नप्रभा धरतेय, आणि त्या म्हणतायत, “सोड गो, पाणी मागतत.” तेव्हा आपण दोघंही धावलो. मी डावीकडून, तुम्ही उजवीकडून. पिंप तुमच्या बाजूला होतं. पेला तुमच्या हातून त्यांच्या हातात गेला आणि त्यांनी तो स्पीकरच्या पुढ्यात ठेवला.

म्हणजे डिस्क वाचवल्या मी, बटण दाबलं निलेशने, पाणी दिलंत तुम्ही. दोन दिवस माझ्या डोक्यात हाच हिशेब चाललाय. त्या पेल्याचा हेवा वाटतो म्हणालो तर हसाल. हसा.

रत्नप्रभाबरोबर एक डिस्क पाठवतोय. सगळी भजनं आहेत, पाण्यासकट. तुमच्याकडे राहू दे. मी एकट्याने धरून ठेवलं म्हणून बुवा जवळजवळ कायमचे गेले होते. पण मूळ माझ्याकडे, हे विसरायचं नाही.

जयवंत

---

मुलुंड
१६ मे २०२५

जयवंतराव,

डिस्क पोचली. रात्री राधाने सगळं ऐकलं. तिला रडू आलं आणि मग कोंबडीवड्यांचा व्हिडिओ आठवला. ते जाऊ दे.

खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती मी हसतमुखाने लिहीत नाही. काल मी एकटाच सांताक्रूझला गेलो. पिशवीत तुमची डिस्क आणि माझा लॅपटॉप. का, ते तुम्हाला कळलंच असेल. रविवारी माझ्या वाट्याला नुसता पेला आला होता. निलेश ऑफिसात, सून बाजारात, घरात आम्ही दोघंच. मनात म्हटलं, आता मी लावतो, आता तरी विचारतील कोणी आणला.

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि पिशवीची चेन उघडायला लागलो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “देवदत्ता, बोरिवलीक फोन लाव. जयवंताक म्हण, इलंस तर ह्यांका घेवन ये. माका परत ऐकूचा आसा.”

मी म्हटलं, आई, ते तर निलेशने लावलं होतं ना?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं गजरात बेसूर झालेल्या माणसाकडे बुवा बघायचे. म्हणाल्या, “बटण कोणी दाबल्यान ता माका दिसला नाय काय? चार माणसांत झिलाचा नाव घेऊचा लागता. ह्यांनी पिशवी जयवंताकडे दिल्यानी ती उगाच न्हय. ह्यांका उठवूचा तेकाच जमता.”

जयवंतराव, मी जळून खाक झालो. अर्धी उघडलेली चेन मी हळूच लावली. भजनं माझ्या मांडीवर होती आणि मी म्हटलं, “हो आई, ते काम त्यांचंच. मी सांगतो.”

फोन मी लावला नाही. नंबर त्यांना मोठ्या अक्षरात लिहून दिलाय. उद्या सकाळी त्या स्वतः करतील. मला यातलं काही ठाऊक नाही असं समजून उचला, आणि जाताना पाण्याची जागा आधीच शोधून ठेवा. मीही तिथे असेन. पिंप मात्र या वेळी तुमच्या बाजूला राहील.

देवदत्त